दिघेसाहेबांनी बदललेला वारा

हेमचंद्र दिघे यांना जगातली नव्वद टक्के माणसं फुसकी वाटत, आणि उरलेल्या दहा टक्क्यांशी त्यांची अजून गाठ पडायची होती.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, ट्रकचे टायर बदलणाऱ्या एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खाली दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं, वर पाच टेबलं आणि नऊ स्क्रीन. कंपनी जहाजांना हवामानाचा सल्ला द्यायची. बड्या जहाजकंपन्या बड्या सल्लागारांकडे जातात. इथे यायचे ते दोन-तीन जुनी जहाजं बाळगणारे, गंजावर रंग मारून दिवस काढणारे मालक. कामाची वाटणी समुद्रांप्रमाणे होती आणि दिघ्यांच्या वाट्याला अटलांटिक आला होता. अटलांटिक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या खिडकीतून भंगारात काढलेल्या शाळेच्या बस दिसत आणि त्यांच्यावर बसलेली धूळ दिसे. पण बावीस वर्षं, जून ते नोव्हेंबर, रोज सकाळी साडेसातला येऊन हा माणूस आफ्रिकेचा पश्चिम किनारा उघडून बसायचा.

कारण तिथून लाटा सुटतात. पाण्याच्या नव्हेत, हवेच्या. आफ्रिकेच्या पोटात कुठेतरी हवेला बाक येतो, ढगांचा एक घोळका जमतो आणि दर तीन-चार दिवसांनी असा एकेक घोळका किनारा सोडून समुद्रावर उतरतो, पश्चिमेकडे चालू लागतो. मोसमात अशा साठेक लाटा येतात. नाटकात राजाच्या दरबारात भाले धरून उभी राहणारी मंडळी असतात ना, तशा. डाव्या विंगेतून येतात, उजव्या विंगेतून जातात, एकीलाही वाक्य नसतं. पण साठांतल्या पाच-सहा जणी मध्येच थांबतात, स्वतःभोवती गिरकी घेतात आणि बघता बघता सगळा रंगमंच खाऊन टाकतात. मग त्यांना यादीतलं नाव मिळतं, त्या चक्रीवादळं होतात, बेटांवरची छपरं उडतात आणि बातम्यांत नकाशे झळकतात.

भालेवाल्यांच्या रांगेत कोण बोलणार आहे ते आधी ओळखायचं, हे दिघ्यांचं काम. त्यांनी ते फार सोपं करून टाकलं होतं. कोणीच बोलणार नाही, असं म्हणायचं. साठांपैकी चोपन्न वेळा ते बरोबर ठरत. उरलेल्या पाच-सहांची बातमी अमेरिकन सरकारी अंदाज वेळेत देतच असे, मग दिघे सुस्कारा टाकून म्हणत, "ठीक आहे, वाजू द्या त्यांचे भोंगे."

तरुणपणी पुण्याच्या वेधशाळेत त्यांनी आठ वर्षं टेंपररीवर काढली होती. "मी पुणं सोडलं," असं ते सांगत. पुण्याने त्यांना थांब म्हटलं नव्हतं, एवढी गोष्ट सांगायची राहून जाई. तिथे त्यांच्या डोक्यावरून तीन जण परमनंट झाले आणि तिघेही, दिघ्यांच्या मते, ढग आणि धूर यांतला फरक न कळणारे होते. तिथे लागलेली कडू चव मग जिभेवरून गेली नाही.

गणपतीत शारजाच्या मराठी मंडळाचं नाटक असे. बँकेतली, हॉस्पिटलातली माणसं दोन महिने संध्याकाळी तालमी करत, बायका घरच्या पैठण्या पडद्याला लावत, कोणी ऐन वेळी वाक्य विसरलं तर अख्खा हॉल त्याला मनातल्या मनात प्रॉम्प्टिंग करे. अशी माया असते त्या नाटकांना. दिघे शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसत आणि मध्यंतराला उठत.

"काका, कसं वाटलं?" सेक्रेटरी बिचारा विचारायचा. चेहऱ्याचा रंगही उतरवलेला नसायचा.

"पडदा छान आहे," दिघे म्हणत. "तो वर न्यायची घाई केलीत."

घरी छायाबाई होत्या. त्या मंडळाच्या मुलांना शनिवारी मराठी वाचायला शिकवत. एकदा परतताना गाडीत त्यांनी सरळ सुनावलं, "तीस वर्षं तुम्ही खुर्चीत बसून सगळ्यांना नापास करताय. एकदा स्वतः परीक्षेला बसा की."

मागच्या सीटवरून त्यांचा मुलगा वेदांग कानातला इयरफोन न काढताच म्हणाला, "ही विल नॉट, आई. ही लाइक्स द चेअर."

"हा इंग्लिश मीडियमचा परिणाम," दिघे म्हणाले आणि सिग्नलला उभ्या असलेल्या शेजारच्या गाडीवाल्याकडे तुच्छतेने पाहू लागले.

ऑफिसात त्यांचा मॅनेजर होता सुजीत. पस्तिशीचा, एमबीए, टाय असलेला. हवामानातलं त्याला फक्त एसीचं तापमान कळे. पण त्याला 'प्रेझेंटेशन' करता येई, आणि ते केलं की समुद्रही शहाण्यासारखा वागतो अशी त्याची श्रद्धा होती. दिघे त्याला वर्षातून एकदाच सरळ उत्तर देत, रजेचा अर्ज देताना.

आणि होता टोनी मच्याडो, वसईजवळच्या भुईगावचा. जहाजांचे मेल घ्यायचे, सल्ला पाठवायचा, सॅटेलाइट फोन लावायचा, हे त्याचं काम. त्याची बायको इसाबेल दुबईत एका हॉटेलच्या रिसेप्शनला होती. टोनी इतका सौम्य की लिफ्टचं दार बंद झालं तर दाराला सॉरी म्हणायचा. दिघ्यांचा तो विशेष लाडका, म्हणजे दिघे त्याची सर्वांत जास्त टर उडवत.

त्या वर्षी टोनीला एक नवी सवय लागली होती. सकाळी बॅग ठेवायच्या आधी तो दिघ्यांच्या टेबलाशी येई.

"सर, आजची लाट कशी आहे?"

"मेलेली."

"आणि मागची?"

"तिचं तर तेरावं झालं. जा, चहा पी."

टोनीची मुलगी बेव्हर्ली मे महिन्यात 'सफा' नावाच्या जहाजावर थर्ड ऑफिसर म्हणून चढली होती. वय तेवीस, पहिलीच नोकरी. भुईगावात चर्चच्या अंगणात फादरने तिचा सत्कार केला होता, त्याचा व्हिडिओ टोनीने खालच्या टायरवाल्या नोमानपर्यंत सगळ्यांना दाखवला होता. 'सफा' म्हणजे खोर फक्कान बंदरातल्या युसुफ नावाच्या मालकाचं जुनं मालवाहू जहाज. शारजातल्या जुन्या गाड्या भरून ते आफ्रिकेत डकारला गेलं, तिथे गाड्या उतरवल्या आणि पुढचा माल घ्यायला रिकामंच अटलांटिकपलीकडे, पोर्ट ऑफ स्पेनला निघालं. रिकामं जहाज पाण्यात उंच तरंगतं. मोठ्या वाऱ्यात त्याची अवस्था बादलीतल्या लोट्यासारखी होते. हे टोनीला माहीत होतं, कारण ते त्याला दिघ्यांनीच एकदा हसत हसत समजावलं होतं.

'सफा' डकारहून सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मागून एक लाट समुद्रावर उतरली.

लाटांना आकडे देण्याऐवजी दिघे नावं ठेवत. जी माणसं गाजावाजा करून आली आणि काही न करता गेली, त्यांची नावं. 'मेव्हणा' नावाची एक लाट होती, 'सोसायटीचा चेअरमन' होती, गेल्या साली लागोपाठ दोन 'सेक्रेटरी' होऊन गेल्या. एकदा नाव पडलं की दिघे त्या लाटेकडे पुन्हा बघत ते नाव कसं चपखल बसलंय हे बघायलाच.

ही लाट अगदीच मरतुकडी होती. दोन ढग इकडे, तीन तिकडे, वरच्या अंगाला सहाराची धूळ.

"सर, हिचं बारसं?" सुजीतने कॉफी ढवळत विचारलं.

दिघ्यांनी खुर्ची फिरवली. प्रेक्षक आहेत की नाहीत हे एकदा पाहिलं. होते.

"हिचं नाव टोनी," ते म्हणाले. "आवाज नाही, उपद्रव नाही. जेवायला बोलावलं तर अर्ध्या जेवणातून उठून दारात चपला शोधेल."

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्याने टोनी हसला.

तीन दिवस जहाज पुढे आणि लाट मागे अशी वरात चालली. लाटेची चाल थोडी जास्त होती. चौथ्या दिवशी तिने जहाजाला गाठलं, आणि ती त्याच्या जरा वरच्या अंगाने, उत्तरेकडून चालू लागली.

रोज जहाजावर दुपारचे बारा वाजले की तिथला ऑफिसर एक तक्ता भरून पाठवी. वाऱ्याची दिशा, जोर, हवेचा दाब, लाटांची उंची. शारजात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत, म्हणजे ऑफिस सुटायची वेळ. दिघे सगळ्या जहाजांचे आकडे आपल्या तक्त्यात उतरवत, खाली सल्ल्याच्या दोन ओळी लिहीत आणि तो कागद टोनी सर्व जहाजांना पाठवून देई.

'सफा'च्या तक्त्यात त्या दिवशी लिहिलं होतं, वारा पश्चिमेचा.

दिघे हसले. त्या पट्ट्यात वारा पूर्वेचाच असतो. शेकडो वर्षं शिडाची जहाजं त्याच्या भरवशावर पलीकडे गेली. आणि नवशिक्यांची एक चूक ठरलेली. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचं नाव असतं, आणि नवा ऑफिसर हमखास तो जिकडे जातो ती दिशा लिहितो. दिघ्यांनी अशी शंभर पोरं पाहिली होती.

"टोनी, तुझ्या लेकीने वाऱ्याचं माहेर विचारल्यावर सासर सांगितलंय."

टोनी दप्तर आवरता आवरता थांबला. "काय झालं, सर?"

"पूर्व लिहायचं तिथे पश्चिम लिहिलंय."

"सर, ती शिकलेली आहे हो," टोनी हळूच म्हणाला. "सर्टिफिकेट आहे तिचं."

"शिकलेलेच उलटं लिहितात. न शिकलेला ओलं बोट वर धरतो." आणि दिघ्यांनी तक्त्यातली पश्चिम खोडून पूर्व केली. दाब थोडा उतरलेला होता, त्याकडे त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. खाली लिहिलं: विशेष काही नाही, मार्ग तोच ठेवावा. दोन मिनिटांचं काम. वेदांगला क्लासहून घ्यायचं होतं, आणि सहानंतर त्या रस्त्याला जो ट्रॅफिक लागतो त्याच्याइतकं तुच्छ दिघ्यांना दुसरं काही वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोनी दोन कागदी कपांत दाट दुधाचा करक चहा घेऊन आला. चेहरा उजळलेला. आज त्याने लाटेची चौकशीसुद्धा केली नाही.

"सर, बेव्हर्लीचा व्हॉइस मेसेज आलाय. खूश आहे पोरगी. ऐका ना."

"ऐकव. नाहीतर तू काही जाणार नाहीस."

फोनमधून तिचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर. "पप्पा, फायनली! चार दिवस आम्ही आमचाच धूर खात होतो, यू नो. धुराड्यातला धूर नुसता डोक्यावर बसलेला. काल दुपारपासून सगळा धूर मागे जातोय, एकदम सरळ. ब्रिजच्या बाहेर मस्त हवा. आय हॅड माय कॉफी आउटसाइड. मम्मीला सांग, खोकला गेला."

"खोकला गेला तिचा," टोनीने आनंदाने भाषांतर केलं.

दिघ्यांनी कप उचलला होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"पुन्हा लाव."

"काय, सर?"

"मेसेज. पुन्हा लाव."

टोनीने पुन्हा लावला. दिघे टेबलाच्या कडेकडे बघत ऐकत राहिले. जहाज पश्चिमेला चाललंय. वारा पूर्वेचा, म्हणजे पाठीमागून. वारा आणि जहाज साधारण एकाच वेगाने चालले की धूर जागचा हलत नाही, जहाजाबरोबरच चालतो, माणसांच्या नाकात बसतो. तोच धूर सरळ मागे जायला लागला, तर वारा समोरून येतोय. पश्चिमेकडून. धुराने कुठली परीक्षा दिलेली नसते, त्यामुळे त्याला दिशा उलटी लिहिता येत नाही.

आणि त्या पाण्यात पश्चिमेचा वारा एकाच कारणाने वाहतो. तुमच्या वरच्या अंगाला काहीतरी गोल फिरू लागलेलं असतं.

दिघ्यांनी रात्रभराची उपग्रहाची चित्रं एकापाठोपाठ एक लावली. टोनी मागे उभाच होता. ढगांची एक कमान वळत होती, ओली धोतरं पिळताना वळतात तशी. खालचे बारके ढग उलटे, पूर्वेकडे सरकत होते. मरतुकडी लाट रात्रीत उठून बसली होती, आणि ती 'सफा'पासून फार लांब नव्हती.

"सर," टोनी म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता. "हे काय आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा हेमचंद्र दिघे यांना टोनीला द्यायला टोमणा सापडला नाही.

"फोन लाव जहाजाला," ते म्हणाले. "मी सुजीतकडे जाऊन येतो."

सुजीतने त्यांचं बोलणं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलला. बरेच दिवस वाट पाहिलेली गोष्ट ताटात आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"म्हणजे सर, बेसिस काय? धूर मागे गेला?"

"आणि चित्रं बघ."

"वादळाचा ऑफिशियल चान्स किती दिलाय? तीस टक्के. काल तुम्हीच लिहिलंत, विशेष काही नाही. आज युसुफसाहेबांना काय सांगू? आमच्या ऑपरेटरच्या मुलीचा खोकला गेला म्हणून जहाज वळवा?"

"तिने काल बरोबर लिहिलं होतं. मी बदललं."

सुजीतने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते कशाला बोलताय? 'न्यू डेटा रिसीव्ह्ड' असं लिहू. कोण बघतंय?"

"कॅप्टन बघतोय. त्याच्याकडे माझा कागद आहे, पूर्वेचा. आज मी उलटं सांगितलं तर तो का ऐकेल?"

"मग नका सांगू," सुजीत म्हणाला. "साठात चोपन्न वेळा काही होत नाही, तुमचंच वाक्य आहे."

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्याची खरी किंमत कळते. दिघ्यांना ते फार टुकार वाटलं. ते बाहेर आले. टोनीने रिसीव्हर पुढे धरला होता.

पलीकडे कॅप्टन रोशन होता, श्रीलंकेचा, पन्नाशीचा, घोगऱ्या आवाजाचा. तो इंग्रजीत बोलला आणि आधी त्यानेच माफी मागितली.

"कालच्या तक्त्याबद्दल सॉरी. माझ्या थर्ड ऑफिसरने दिशा उलटी लिहिली. तुमचा कागद आल्यावर मी तिला बोललो. लॉगबुकातही खोडून पूर्व लिहायला लावलं, सही घेतली."

दिघ्यांनी डोळे मिटले.

"आत्ता वारा कुठला आहे, कॅप्टन?"

"मध्येच सरी येतात, फिरतोय जरा. समोरून लागतोय, पण जहाजाच्या वेगाचाही लागतोच ना. तुम्ही पूर्व म्हणालात, म्हणून मी..."

"मी चुकलो," दिघे म्हणाले. खालच्या गॅरेजात कोणीतरी रिम आपटली म्हणून त्यांना ते मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं, आणि आता ते सगळ्या ऑफिसने ऐकलं. "मी चुकलो. तिने पश्चिम लिहिलं होतं ते बरोबर होतं. मी न विचारता बदललं. मूर्ख मी आहे, ती नाही. तुमच्या उत्तरेला वादळ उठतंय. दक्षिणेला वळा, वेग कमी करा, त्याला पुढे जाऊ द्या."

फोनच्या खरखरीतून कॅप्टनने विचारलं,

"मालकाला सांगितलंत?"

"सांगतो. पण जहाज तुमच्या हातात आहे."

"खरं सांगू, मिस्टर दिघे?" कॅप्टन म्हणाला. "बावीस वर्षांत किनाऱ्यावरून कोणी मला 'मी चुकलो' म्हटलेलं नाही. म्हणून वळतो."

मालक युसुफ मात्र असल्या गोष्टींनी विरघळणारा नव्हता. त्याने खोर फक्कानहून फोनवर हिंदी, इंग्रजी आणि अरबी अशा तिन्ही भाषांत दिघ्यांचा उद्धार केला.

"कल बोला खलास, कुछ नहीं. आज बोलता है तूफान. हबीबी, तुम वेदर देखता है या मूड?"

"कल मैंने गलत बोला, युसुफभाई."

"और आज सही बोला? गॅरंटी?"

"गॅरंटी नहीं है," दिघे म्हणाले.

हे उत्तर ऐकून सुजीतने कपाळावर हात मारून घेतला.

पुढचे दोन दिवस टोनी घरी गेला की नाही कोणास ठाऊक. दिघे सकाळी येत तेव्हा तो फोनजवळ असे आणि निघत तेव्हाही. दिघ्यांनी त्याला चहाला जा म्हटलं नाही. ते स्वतः दर तासाला चित्र उघडत आणि वाट पाहत. कशाची वाट पाहत होते हे सांगणं त्यांच्या जिवावर आलं असतं. वादळ मोठं झालं तर ते बरोबर ठरणार होते, पण बेव्हर्ली त्याच्यापासून अजून पुरेशी लांब गेली नव्हती. तेव्हा ते जगात पहिल्यांदाच एका लाटेला मनापासून म्हणत होते, बाई, तू फुसकीच निघ.

आणि तसंच झालं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी तिला यादीतलं नाव मिळालं. दीड दिवसाच्या गणपतीसारखं तिने ते मिरवलं. मग वरची धूळ तिच्या पोटात शिरली, उंचावरच्या वाऱ्याने तिचा माथा उडवला आणि पुन्हा तिचे चार ढग झाले. चक्रीवादळ होणं तर लांबच राहिलं. 'सफा' दक्षिणेकडून सुखरूप गेलं. जोराचा पाऊस लागला, मोठ्या लाटा लागल्या, स्वयंपाकघरातल्या बऱ्याच बश्या फुटल्या. सरळ गेलं असतं तर रिकाम्या जहाजाचं काय झालं असतं? कदाचित पुष्कळ झालं असतं, कदाचित आणखी थोड्या बश्या फुटल्या असत्या. हे कोणीच सांगू शकत नव्हतं. सांगता येत होतं ते एवढंच की चौदा तास वाया गेले.

या चौदा तासांचं ऑफिसने सोनं केलं. युसुफने मेलमध्ये त्या वादळाला 'तुमचा पंखा' म्हटलं. सुजीतने सगळ्यांना एकत्र बोलावून प्रेझेंटेशन केलं. त्यात एक स्लाइड होती, 'भावनेवर आधारित निर्णय', तिच्यावर धुराड्याचं चित्र. यापुढे दिघ्यांचा कागद दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय जाणार नाही असं ठरलं, आणि तो दुसरा म्हणजे सहा महिन्यांपूर्वी लागलेला, ढग आणि धूर यांतला फरक न कळणारा एक पदवीधर. टेबलाटेबलांवर हसू फिरत होतं. सर, आज पंखा कितीवर? सर, खोकला कसा आहे? दिघ्यांनी या लोकांना आयुष्यभर हेच शिकवलं होतं. विद्यार्थी चांगले निघाले होते, एवढंच. ते मान खाली घालून बसले. या माणसांबद्दलचं त्यांचं मत काही बदललं नव्हतं. सुजीत त्यांना कालच्याइतकाच टाकाऊ वाटत होता. फक्त त्या यादीत वर आणखी एक नाव चढलं होतं.

त्या दुपारी टोनी त्यांच्या टेबलाशी आला.

"सर, बेव्हर्ली पोर्ट ऑफ स्पेनला पोचली. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

दिघ्यांना वाटलं, आभार मानणार. त्यांनी हात नाचवला. "राहू दे रे, कशाला."

"नाही सर. बोला." टोनीने फोन त्यांच्या हातातच दिला. त्याचा चेहरा नेहमीसारखा मऊ नव्हता.

"अंकल, एकच प्रश्न," बेव्हर्ली म्हणाली. "माझा वारा कोणी बदलला?"

"मी."

"व्हाय?"

दिघ्यांकडे उत्तरं पुष्कळ होती. पट्टा पूर्वेच्या वाऱ्याचा होता, शंभर नवशिके उलटं लिहितात, सहा वाजले होते. त्यांनी ती सगळी मनात एकदा लावून पाहिली.

"तू नवीन आहेस म्हणून," ते म्हणाले.

"दॅट्स इट?"

"तेवढंच."

मागे बंदरातल्या क्रेनचा आवाज येत होता.

"कॅप्टनने मला सगळ्या क्रूसमोर फाडलं, अंकल. पप्पांना मेसेजमध्ये मी ते सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं मी राइट आहे. मी ओलं बोट वर धरून पाहिलं होतं, लिटरली. तरी मी लॉगबुकात खाडाखोड करून सही केली, बिकॉज तुमचा कागद होता. ती सही तिथे आहे. पुढच्या जहाजावर कोणी लॉग मागवला तर त्यात दिसणार की या मुलीला वाऱ्याची दिशा कळत नाही. कॅप्टनने फोनवर काय ऐकलं ते लॉगमध्ये नाहीये. तो म्हणतो, शोअर ऑफिसातून सही केलेलं लेटर आलं तर मी लॉगला जोडतो. विल यू राइट इट?"

"लिहितो."

"आज?"

"आत्ता."

"थँक यू," ती म्हणाली. आवाजात ऊब फारशी नव्हती, आणि ती तिने का घालावी?

दिघे सुजीतकडे कंपनीचा लेटरहेड मागायला गेले. सुजीतने नाही म्हटलं. कंपनीने लेखी चूक कबूल करायची म्हणजे काय, कस्टमर काय म्हणतील, वकिलाला विचारावं लागेल, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात बघू. बोलता बोलता त्याने वरच्या वर लेटरहेडची फाईल ड्रॉवरमध्ये सरकवली.

"तुझ्या कंपनीची चूक कोण म्हणतंय?" दिघे म्हणाले. "माझी आहे."

त्यांनी प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला आणि टेबलावर बसून हाताने लिहायला घेतलं. मी, हेमचंद्र दिघे, असं असं. जहाजाच्या थर्ड ऑफिसर बेव्हर्ली मच्याडो यांनी नोंदवलेली वाऱ्याची दिशा बरोबर होती. ती कोणतीही विचारणा न करता मी बदलली. त्यांच्या लॉगबुकातली दुरुस्ती माझ्या चुकीमुळे झाली आहे, तिचा दोष त्यांच्याकडे नाही. इंग्रजीत लिहायला वेळ लागला. अक्षर लावून काढलं, खाली सही, नाव, पासपोर्टचा नंबरही घातला. सगळं ऑफिस बघतंय हे त्यांना कळत होतं, आणि कोणी हसत नव्हतं हेही.

टोनीने कागद स्कॅनरकडे नेला. मशीनवर ठेवायच्या आधी त्याने तो चष्मा कपाळावर चढवून, बोट फिरवत, एकेक शब्द वाचला आणि परत आणून दिघ्यांसमोर ठेवला.

"सर, इथे तुम्ही संध्याकाळी सहा लिहिलंय. ती आपली वेळ झाली. लॉगमध्ये दुपारचे बारा आहेत. जुळणार नाही."

"खरंय," दिघे म्हणाले.

त्यांनी त्यावर रेघ मारायला पेन उचललं, मग थांबले, ड्रॉवरमधून दुसरा कोरा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला सुरुवात केली. टोनी खुर्ची ओढून शेजारी बसला.

"आडनावात एम कॅपिटल, सर," तो म्हणाला.

"हो," दिघे म्हणाले. "सांगत जा."